भावोजींनी उंच केलेली गाडी

माझे भावोजी टेलर. अख्खं आयुष्य शिलाई मशीनसमोर वाकून बसलेला माणूस. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि बोलणं असं मोजकं की शब्दांनाही कापडासारखा भाव असावा. अशा माणसाने एक दिवस भंगारात निघालेली जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि आमच्या बस डेपोसमोरच्या वेल्डरच्या शेडमध्ये आणून उभी केली. मला फोन करून म्हणाले, "ये बघायला." मी सिटी बसवर कंडक्टर आहे. ड्यूटी संपवून, खांद्यावरची बॅगही न उतरवता गेले. गाडीचा पत्रा जागोजागी खाल्लेला, एक दार दोरीने बांधलेलं. मी म्हटलं, "भावोजी, आधी हिलाच ॲडमिट करा."

ते हसले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही हसू येत नव्हतं.

माझ्या ताईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. एक दिवसाआड तिला शहरातल्या हॉस्पिटलात डायलिसिसला यावं लागतं. घर नदीपलीकडे. नदी म्हणजे एरवी नुसते दगडगोटे आणि मधून एक बारीकशी धार, पण वरच्या धरणातून पाणी सोडलं की तीच नदी दोन्ही काठ धरून वाहते. मागच्या वेळी पाणी सोडलं तेव्हा पलीकडे जायचा एकमेव पूल मधोमध तुटून वाहून गेला. ताईचं एक डायलिसिस हुकलं आणि तिच्या छातीत पाणी भरलं. रबरी बोटीतून तिला अलीकडे आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ते ओठ मी पाहिलेत, त्यामुळे मला कुणी शांत राहायला सांगू नये. त्यानंतर हॉस्पिटलने स्पष्ट बजावलं की मशीन थोडी आहेत आणि रांग मोठी आहे. पुन्हा एकदा गैरहजर राहिलात तर तुमची जागा दुसऱ्या पेशंटला जाईल.

यावर उपाय अगदी सोपा होता. माझं घर हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन खोल्या, तळमजला, मी एकटी. मी म्हटलं, तुम्ही दोघं या माझ्याकडे. भावोजी म्हणाले, "तिला तिचं घर सोडवत नाही." मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "ह्यांना विचार." पुन्हा भावोजींना विचारलं, तर पुन्हा तेच: "ती नाही म्हणते." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ताईला फोनवर नाही नाही ते बोलले. हट्टी म्हणाले, विटामातीसाठी जीव टाकायला निघालीस म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "जेवलीस का?" असं विचारून फोन ठेवला.

तोवर नदी कोरडी होती. शेजारची चार माणसं ताईला खुर्चीत बसवून दगडांवरून अलीकडे आणायची आणि परत न्यायची. तिला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खुर्चीत बसल्यावर ती पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. आणि आता धरणाचं पाणी पुन्हा सुटणार होतं, तसा फलकच नदीकाठी लागला होता. एकदा सुटलं की ते महिना दीड महिना वाहणार. त्याच्या आत ही गाडी नदी ओलांडण्याजोगी झाली पाहिजे, नाहीतर ताईची जागा जाणार. आणि जागा जाणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भावोजींकडे ताकद नव्हती, पैसा त्याहून नव्हता. पण माप होतं. पहिल्याच दिवशी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उतरले, गाडी जाईल त्या वाटेवरचा एकेक मोठा दगड टेपने मोजून आले. मग गाडीच्या पोटाखाली आडवे पडून तेही मोजलं. बाहेर आले तेव्हा केसांत तेल आणि तोंडावर काळजी. वेल्डरला म्हणाले, "एवढी वर घ्यायची," आणि हाताने वीत दाखवली.

वेल्डर म्हणजे पोट सुटलेला, सतत पान चघळणारा गृहस्थ. त्याने डोकं खाजवलं. "उंचीचं नवीन किट आणा, संध्याकाळी गाडी तयार."

"नवीन काही नाही. आहे त्यातूनच काढायचं."

मग त्यांनी आहे त्यातूनच काढलं. ह्या जातीच्या जुन्या गाड्यांमध्ये स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, खालून गेलेले असतात. ते सोडवून ॲक्सलच्या वर बसवले की गाडी आपोआप उंच होते, त्याला नवीन पाटे लागत नाहीत. लागतात त्या पाटे बसवायच्या बैठका. भावोजींनी ब्राऊन पेपरवर त्या बैठकांचे नमुने कापले, खिशाला कापावेत तसे. वेल्डरने त्या मापाने जाड पत्रा कापला. आधी नुसते टाके मारून उभं करायचं, भावोजींनी बघायचं, मग पक्कं वेल्डिंग. "ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई नाही," असं ते म्हणायचे, आणि वेल्डर कपाळाला हात लावायचा. चारपैकी एक बैठक त्यांनी तीनदा उसवायला लावली. तिसऱ्या वेळी वेल्डर माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ह्यांच्याकडून सूट शिवून घेणारी माणसं जिवंत आहेत का?"

बाकीचं सगळं भंगारातून आलं. शॉकॲब्सॉर्बर एका पिकअपचे. टायर ट्रकवरून उतरवलेले, रिमोल्ड केलेले. इंजिनात पाणी ओढलं जाऊ नये म्हणून हवेचा पाइप काचेच्या कडेने टपापर्यंत वर नेला. तो पाइप म्हणजे सरळ सरळ न्हाणीघराचा पाइप होता, करडा, त्यावर कंपनीचा शिक्का. गाडी उंच झाल्यावर मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट तिरका झाला आणि गाडी चालली की दात वाजतील इतकी थरथरायला लागली. भावोजींनी दोन रात्री विचार केला आणि पाट्यांखाली लोखंडी पाचरा घातल्या. कापड कमी पडलं की कळी घालतात तशा, हे त्यांचंच बोलणं. थरथर पुष्कळ कमी झाली. आणि सगळ्यात वर म्हणजे त्यांनी जाड ताडपत्रीचा एक पडदा शिवला, दुहेरी शिलाईचा, गाडीच्या तोंडावर बांधायला, म्हणजे पाण्यात शिरताना पाणी थेट पंख्यावर येत नाही. गाडीला एप्रन शिवणारा टेलर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

ह्या दिवसांत एक गोष्ट मात्र झाली, ती सांगितलीच पाहिजे. ताई आजारी पडल्यापासून भावोजी मिटून गेले होते. मशीनवर नुसते बसायचे, पॅडल हलायचं नाही. गिऱ्हाइकं परत जायला लागली होती. ते आता शेडमध्ये शिट्टी वाजवायला लागले. सूर लागत नव्हता, पण शिट्टी होती. दोन घास जास्त जेवायला लागले. मला त्या शिट्टीचासुद्धा राग यायचा. बायकोचा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना खेळणं मिळालंय, असं मनात यायचं.

पाणी सुटायच्या आदल्या आठवड्यात ट्रायल होती. ताईला त्रास नको म्हणून तिच्याऐवजी मी बसले. "वजनाला तू चालशील," भावोजी म्हणाले. मी म्हटलं, "ताईच्या दुप्पट आहे मी, पण चालेल." दांडा धरला आणि टुणकन चढले. दिवसभर बसच्या पायऱ्या चढणारी बाई मी, मला काय त्याचं. कोरड्या नदीतून गाडी निघाली. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, मी छताला डोकं आपटत होते, पण पोटाखाली एकही दगड लागला नाही. भावोजींचा चेहरा फुलला. पलीकडे पोहोचलो, वळलो, आणि परत येताना शेवटच्या उताराला त्यांनी ब्रेक दाबला.

ब्रेक नव्हता. पाय सरळ खाली गेला.

"भावोजी!"

त्यांनी खटकन पहिला गियर टाकला, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी घसरत, ओरडत खाली गेली आणि पुलाच्या उरलेल्या खांबापासून हातभर अंतरावर थांबली. भावोजी उतरले, चाकाखाली वाकले आणि तिथेच बसून राहिले. ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप ताणून फाटला होता. तो त्यांनी मोजला होता गाडी चारही चाकांवर उभी असताना. पण गाडी उंच केल्यावर चाक खड्ड्यात उतरलं की केवढं तरी खाली लोंबतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"उभ्या माणसाचं माप घेतलं मी," ते हळूच म्हणाले, "आणि बसताना पँट फाटली."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता. मी दिला नाही. मी म्हटलं, "आत ताई असती तर?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मोठ्या गाडीचे लांब पाइप आणून बसवले, चारही चाकं एकेक करून हवेत लोंबकळत ठेवून तपासली. वेल्डर मला म्हणाला, "आता ह्या गाडीत माझ्या आईलाही बसवीन." मला थोडं बरं वाटलं. थोडंच.

गाडी मग नदीपलीकडे, त्यांच्या दारात नेऊन उभी केली. पाणी सुटलं ते बुधवारी पहाटे. ताईचं डायलिसिस त्याच सकाळी. मी आदल्या दिवशीच रजा टाकून तिच्याकडे राहायला गेले होते. उठून बघते तर नदी पार बदललेली. मातकट, घाईत. मधोमध एक मोठा काळा दगड होता, तेवढा डोकं वर काढून होता. "तो दगड दिसतोय तोवर आपण जाऊ शकतो," भावोजी म्हणाले. "पाणी अर्ध्या चाकाच्या वर आहे, पण गाडी त्याच्या वर आहे." त्यांनी तोंडाला ताडपत्री बांधली, पंख्याने पाणी उडवू नये म्हणून त्याचा पट्टा सैल केला, दार उघडलं आणि ताईला म्हणाले, "चल."

ताई अंगणात आली. साडी नीट नेसलेली, हातात डबा. तिने गाडीकडे पाहिलं, मग पायदानाकडे पाहिलं. पायदान तिच्या मांडीला लागत होतं. तिने उजवा पाय उचलला. तो वीतभर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली आला. तिच्या पायांना सूज होती, गुडघा वाकतच नव्हता. डाव्या हाताला डायलिसिससाठी नस जोडलेली, त्या हाताने ओढायचं नाही, त्यावर भार टाकायचा नाही. एका हाताने दांडा धरून ती तशीच उभी राहिली.

सगळं मोजलं होतं. दगड, पाणी, पाटे, पाइप, सगळं. आणि जिच्यासाठी हा खटाटोप, तीच गाडीत चढू शकत नव्हती.

"मी उचलतो," भावोजी पुढे आले.

"नको," ताई म्हणाली. "खुर्चीतून नेतात तेवढं पुरे. निदान तुम्ही तरी मला सामानासारखं उचलू नका."

"अगं, वेळ जातोय! तिकडे जागा जाईल!" मी ओरडले. माझं भान सुटलं होतं.

भावोजी गोंधळून पायदानाकडे बघत होते. "पण मी धरलं होतं हे. तुझ्या पायाच्या मापाने धरलं होतं. तुझं माप मला पाठ आहे."

"कुठलं माप?" ताईने विचारलं. "लग्नातलं?"

"तू मला म्हणतेस ना, जुन्या मापावरच शिवा. मी शिवतो. बसतं तुला सगळं."

ताई एकदा माझ्याकडे बघून मग त्यांच्याकडे वळली. "नाही बसत. तुम्ही शिवलेला एकेक ब्लाउज मी उसवते आणि परत शिवते. तुम्ही घरी नसता तेव्हा. ही डावी बाही तर ह्या हातावर चढतच नाही. अंगात कधी सूज असते, कधी नुसती हाडं. ते जुनं माप कधीच गेलंय हो."

मी माझ्या भावोजींना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते रडले नाहीत. पण त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्यांनी टेप काढला, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाय उचल. जेवढा उचलतो तेवढाच. ताण नको." तिने उचलला. त्यांनी जमिनीपासून टाचेपर्यंत माप घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. मी घड्याळ बघून तळमळत होते. मग ते उठले, घराच्या ओट्यापाशी गेले. पुराच्या भीतीने ओटा आधीपासूनच उंच बांधलेला. त्यांनी ओट्याची उंची घेतली, गाडीच्या आतल्या जमिनीची घेतली, आणि आमच्याकडे वळून टेपवरची दोन बोटं दाखवली. फरक तेवढाच.

"कुंड्या काढ," ते मला म्हणाले.

ओट्याला लागून ताईच्या कुंड्यांची रांग होती. मी त्या अक्षरशः फेकल्या. दोन फुटल्या, मोगऱ्याची एक आडवी झाली, ताई फक्त "अगं, अगं" करत राहिली. भावोजींनी गाडी मागे घेऊन ओट्याला इतकी चिकटवून लावली की मध्ये हातही शिरला नसता. ताई मागच्या बुटक्या पायऱ्यांनी घरात शिरून ओट्यावर आली आणि नुसतं एक पाऊल टाकून गाडीत शिरली. कुणाचाही हात न धरता.

मग पाणी. ते मी कधी विसरणार नाही. गाडी उतरली तशी ताडपत्रीसमोर पाणी दुभंगलं आणि दोन्ही बाजूंनी फुगून वर आलं. इंजिनाचा आवाज जड झाला. भावोजी एकाच गियरमध्ये, एकाच वेगाने चालवत होते, ओठ घट्ट मिटून. मधोमध आल्यावर प्रवाहाने मागची बाजू सरकवली. गाडी तिरकी झाली. दाराच्या फटीतून पाणी आत आलं, माझे तळपाय ओले झाले. मी देवाचं नाव घेत होते की भावोजींना शिव्या देत होते, आता सांगता येणार नाही. ताईने उजव्या हाताने माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती. त्यांनी स्टीअरिंग किंचित प्रवाहाकडे वळवलं, घाई केली नाही, ब्रेकला हात लावला नाही, पाय लावला नाही. पुढची चाकं वर आली. मग मागची. आम्ही काठावर होतो.

हॉस्पिटलात सिलिंडर उतरवायचा उंच फलाट मागच्या बाजूला आहे, मला माहीत होता. गाडी तिथे लावली. ताई एक पाऊल टाकून बाहेर आली आणि वेळेवर मशीनला लागली. नर्सने हजेरी लावली. तिथल्या बाकावर बसून मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. भावोजी काचेतून ताईकडे बघत उभे होते. तिच्या उघड्या डाव्या हाताकडे. त्या हाताकडे ते नीट कधी बघतच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी आम्ही परत नदीवर आलो. पाणी सकाळपेक्षा थोडं चढलं होतं, पण काळ्या दगडाचं टोक अजून दिसत होतं. जाता आलं असतं. भावोजींनी गाडी काठावर थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. मग मागे न बघता म्हणाले, "एक विचारू? मी तुला कधी विचारलंच नाही. पलीकडे जायचं का?"

ताई मांडीवरच्या डब्याचं झाकण चाचपत राहिली.

"तुला घर सोडायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तू तसं म्हणाली होतीस का?"

"नव्हते म्हणाले," ताई म्हणाली.

माझ्या डोक्यात सणक गेली. "मग मी फोनवर एवढी बोंबलत होते तेव्हा सांगता येत नव्हतं? इतके दिवस?"

"ह्यांना विचार, असं मी सांगत होते ना तुला," ती शांतपणे म्हणाली. मग तिने त्यांच्या पाठीकडे पाहून बोलायला सुरुवात केली. "मला ह्या पाण्याची भीती वाटते हो. बोटीतून आणलं त्या दिवसापासून वाटते. घरात झोपले तरी पाण्याचा आवाज येतो. मला हिच्या दोन खोल्या चालल्या असत्या, पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही मशीनवर नुसते बसून असायचात. जेवत नव्हतात. मला वाटायचं, माझ्या आधी हेच जातील. मग ही गाडी आली आणि तुम्ही तेलाने माखून घरी यायला लागलात, ताटावर बसून पाटे आणि शाफ्ट सांगायला लागलात. शिट्टी वाजवायला लागलात. मी कसं म्हणू, की मला नको?"

भावोजींचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. त्यांनी स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते. ज्या शिट्टीवर मी दात खात होते, ती ऐकायला माझी ताई एक दिवसाआड जीव मुठीत धरून नदी ओलांडायला तयार झाली होती.

थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं. "आता काय करायचं?"

"गाडी वळवा," ताई म्हणाली. "पाणी उतरलं की बघू घराचं."

उंच गाडीतून मागचं काही दिसत नाही. मी खाली उडी मारली, मागे गेले आणि पत्र्यावर थापा मारत ओरडायला लागले, "येऊ द्या! येऊ द्या! उजवीकडे घ्या!" जशी रोज बस मागे घेते तशी. माझा आवाज फाटत होता.

माझ्या घरासमोर उंच ओटा नाही, फलाट नाही. सपाट रस्ता आणि त्यावर ती अवाढव्य गाडी, न्हाणीघराचा पाइप डोक्यावर घेऊन. गल्लीतली पोरं जमली. भावोजींनी मागचं दार उघडलं, खाली पाहिलं, वर ताईकडे पाहिलं. टेप काढायला हात गळ्याकडे गेला आणि थांबला. मी स्टूल आणायला धावणार, तोच ताईने डबा माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. डावा अगदी अलगद.

"उचला," ती म्हणाली.

"बघणारे आहेत."

"बघू देत."

त्यांनी तिला उचललं आणि खाली न ठेवता तसेच उभे राहिले, गल्लीच्या मधोमध. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

"किती हलकी झालीस गं तू," ते म्हणाले.

"आजच पाणी काढलंय ना मशीनने," ताई म्हणाली, आणि तिने आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं.